कुत्र्याच्या तोंडाला वास येतोय? 'असतोच की' म्हणण्याआधी एकदा त्याचा ओठ उचलून बघा

आमच्या घरी बंड्या आहे. पांढरा, केसाळ, बिल्डिंगमधल्या सगळ्यांच्या भाषेत 'पॉमेरेनियन' आणि व्हेटच्या फाईलवर 'इंडियन स्पिट्झ'. वय नऊ. त्याच्या तोंडाचा वास हा आमच्या घरातला जुना विनोद होता. तो सोफ्यावर येऊन जांभई द्यायचा आणि बाबा म्हणायचे, "ए, गटार बंद कर रे तुझं." सगळे हसायचे. बंड्याही शेपटी हलवायचा.

मग गेल्या वर्षी त्याने बॉल आणायचं बंद केलं. आई म्हणाली, वय झालं आता त्याचं. नंतर त्याला पोळी कोरडी नको झाली, दुधात भिजवूनच हवी. आई म्हणाली, लाडावलाय. शेवटी एक दिवस त्याच्या उजव्या डोळ्याखाली सूज दिसली. आम्हाला वाटलं काहीतरी चावलं असेल. दवाखान्यात नेलं तर डॉक्टरांनी डोळ्याकडे फारसं बघितलंच नाही. त्यांनी सरळ बंड्याचा वरचा ओठ उचलला आणि आम्हाला विचारलं, "हे कधी बघितलंय का?"

नऊ वर्षांत आम्ही ते एकदाही बघितलं नव्हतं. आत दाढांवर तपकिरी थर, लालभडक हिरड्या आणि एका दाढेच्या मुळाशी पू. तोच पू डोळ्याखाली सूज म्हणून दिसत होता. बंड्याचे एकूण ११ दात काढावे लागले.

हे वाचणाऱ्या बऱ्याच जणांच्या घरी कुत्रं किंवा मांजर असेल. लसीकरण वेळेवर असेल, गोचीड-पिसवांचं औषध असेल, इन्स्टावर पेजही असेल. पण दातांचं काय? पाळीव प्राण्यांच्या दातांचा विषय नेमका काय आहे, तो फक्त वासापुरता का नाही आणि घरी आपण काय करू शकतो, ते समजून घेऊया.

दाखवायचे दात आणि खायचे दात

हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, असं आपण म्हणतो. कुत्र्या-मांजरांच्या बाबतीतही थोडं तसंच आहे. फोटोत आपल्याला दिसतात ते पुढचे छोटे दात आणि चार सुळे. ते बऱ्यापैकी पांढरे असतात, म्हणून आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. खरा प्रकार घडतो तो मागे, गालाच्या आड.

मोठ्या झालेल्या कुत्र्याला ४२ दात असतात, म्हणजे माणसापेक्षा १० जास्त. मांजराला ३० असतात. दोघांनाही आधी दुधाचे दात येतात. कुत्र्याच्या पिल्लाला २८ आणि मांजराच्या पिल्लाला २६. साधारण सहा-सात महिन्यांपर्यंत ते पडून पक्के दात आलेले असतात. पिल्लू पडलेले दात अनेकदा गिळून टाकतं, त्यामुळे घरात कुणाला पत्ताही लागत नाही.

वरच्या जबड्यात मागच्या बाजूला एक मोठी, धारदार दाढ असते. ती खालच्या दाढेवर कात्रीसारखी घासते. मांस कापायचं मुख्य काम या जोडीचं. आणि गंमत बघा, लाळेच्या काही नळ्या नेमक्या या वरच्या दाढेजवळ उघडतात. लाळेतले क्षार तिथे जास्त साचतात, म्हणून सगळ्यात जाड थरही बहुतेकदा याच दाढेवर दिसतो. तिची मुळं डोळ्याच्या खालच्या भागापर्यंत पोहोचलेली असतात. मुळाशी पू झाला की सूज डोळ्याखाली येते. बंड्याचं हेच झालं होतं.

कीड नाही, मग दात खराब कशाने होतात?

आपल्याला दातांचा आजार म्हटलं की पहिली कीड आठवते. कुत्र्यांमध्ये कीड तशी कमीच. दात टोकदार, त्यांच्यात फटी जास्त, खाण्यात साखर कमी आणि लाळ माणसापेक्षा जास्त अल्कधर्मी. मांजरांमध्ये तर खरी कीड जवळपास दिसतच नाही.

पण त्याच अल्कधर्मी लाळेचा एक तोटा आहे. तिच्यामुळे दातांवर कीटण लवकर बसतं. खरा शत्रू कीड नाही, हिरड्यांचा आजार आहे. तो टप्प्याटप्प्याने असा वाढतो.

पहिला टप्पा, प्लाक. खाल्ल्यानंतर काही तासांतच दातांवर जिवाणूंचा एक मऊ, चिकट, डोळ्यांना सहज न दिसणारा थर तयार व्हायला लागतो. सकाळी उठल्यावर आपल्याच दातांवरून जीभ फिरवली की जो बुळबुळीतपणा जाणवतो, तोच हा. या टप्प्यावर तो नुसत्या ब्रशने निघतो.

दुसरा टप्पा, कीटण. हा थर तसाच राहिला तर लाळेतल्या कॅल्शियममुळे दोन-तीन दिवसांत तो कडक व्हायला लागतो. मग पिवळा, पुढे तपकिरी दगडासारखा थर दिसतो. आता ब्रशचा उपयोग नाही. शिवाय त्याचा पृष्ठभाग खरखरीत असल्याने त्यावर नवीन प्लाक आणखी सहज चिकटतं.

तिसरा टप्पा, हिरडीला सूज. हिरडीच्या कडेला लाल रेघ दिसते, हात लावला की रक्त येतं. हा शेवटचा असा टप्पा आहे, जिथून पूर्ण माघारी फिरता येतं. स्वच्छता झाली तर हिरडी पुन्हा गुलाबी होते.

चौथा टप्पा, दाताचा आधारच जातो. जिवाणू हिरडीच्या खाली उतरतात. त्यांच्याशी लढताना शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती आजूबाजूचं हाडही झिजवते. दात आणि हिरडीमध्ये खोल कप्पे तयार होतात, त्यात पू होतो, दात हलायला लागतो. गेलेलं हाड आपोआप परत येत नाही.

आता विचार करा, दाताचा मोठा भाग हिरडीच्या आत असतो. म्हणजे बाहेरून जे दिसतं तो अर्धाच हिशोब. वरून चकचकीत दिसणाऱ्या दाताचं मूळ खाली कुजलेलं असू शकतं.

आणि हा काही दुर्मिळ आजार नाही. जगभरातल्या पशुवैद्यकीय संघटना सांगतात की वयाच्या तिसऱ्या वर्षापर्यंत बहुतांश कुत्र्या-मांजरांमध्ये हिरड्यांच्या आजाराची काही ना काही सुरुवात झालेली असते. कुत्र्याचं तिसरं वर्ष म्हणजे ऐन तारुण्य. म्हणजे हा म्हातारपणाचा आजार नाही. म्हातारपणी तो फक्त आपल्या लक्षात येतो.

'दुखत असतं तर ओरडला नसता का?'

हा प्रश्न आम्हीही डॉक्टरांना विचारला होता. उत्तर आहे, नाही.

दुखणं लपवणं ही प्राण्यांची जुनी सवय आहे. जंगलात जो अशक्त दिसतो तो आधी मारला जातो. मांजर या बाबतीत कुत्र्याच्याही पुढे. दाढेत पू असलेलं मांजरही वाटी वाजली की येतं आणि खातं. कारण भूक ही भूक असते. 'खातोय ना, मग दुखत नसेल' हा आपला सगळ्यात मोठा गैरसमज. अनेक प्राणी दुखऱ्या बाजूने चावणं सोडतात किंवा न चावता गिळायला लागतात, पण खाणं थांबवत नाहीत. खाणं थांबतं तेव्हा बऱ्याचदा खूप उशीर झालेला असतो.

मग ओळखायचं कसं? या गोष्टींकडे लक्ष ठेवा:

- तोंडाला सतत येणारा उग्र, सडका वास
- एकाच बाजूने चावणं, खाताना घास तोंडातून खाली पडणं
- कडक खाणं सोडून मऊच मागणं
- वाटीजवळ येऊन, वास घेऊन, न खाता परत जाणं
- लाळ जास्त गळणं, लाळेत किंवा खेळण्यावर रक्ताचे डाग
- पंजाने तोंड चोळणं, तोंड जमिनीवर किंवा सोफ्यावर घासणं
- डोळ्याखाली किंवा जबड्याला सूज
- एकाच नाकपुडीतून स्राव किंवा वारंवार शिंका
- डोक्याला हात लावू न देणं, अचानक गुरगुरणं
- मांजराने अंग चाटून स्वच्छ ठेवणं बंद करणं, केस गुंतणं, कोपऱ्यात लपून बसणं

यातल्या शिंकांचं आश्चर्य वाटेल. वरच्या सुळ्याचं मूळ आणि नाक यांच्यामध्ये हाडाचा अगदी पातळ पडदा असतो. आजाराने तो झिजला की तोंड आणि नाक यांच्यात आरपार भोक पडू शकतं. आपण सर्दीचं औषध देत बसतो आणि दुखणं दातात असतं.

फक्त तोंडाचाच प्रश्न आहे का?

इथे थोडं सांभाळून बोलायला हवं, कारण सोशल मीडियावर 'दात न घासल्याने कुत्र्याला हार्ट अटॅक' अशा थाटाचे रील्स भरपूर आहेत.

जे नक्की माहिती आहे ते असं. सुजलेल्या हिरड्या म्हणजे उघडी जखम. चावताना त्यातून जिवाणू थोड्या थोड्या प्रमाणात रक्तात शिरतात. निरोगी शरीर त्यांचा बंदोबस्त करतं. पण वर्षानुवर्षं हेच चालू राहिलं तर शरीरात कायम एक दाह धुमसत राहतो. हिरड्यांचा आजार जितका गंभीर, तितके हृदय, मूत्रपिंड आणि यकृत यांच्यातले बदल जास्त, असा संबंध कुत्र्यांवरच्या अभ्यासांमध्ये दिसला आहे. अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात हिरड्यांचा गंभीर आजार आणि हृदयाच्या झडपांना होणारा जंतुसंसर्ग यांचा संबंध नोंदवला गेला.

पण संबंध असणं वेगळं आणि एकामुळेच दुसरं झालं हे सिद्ध होणं वेगळं. वाढतं वय, लहान जात अशी दोन्हीकडची सामायिक कारणंही असतात. त्यामुळे 'दात खराब म्हणून हृदय गेलं' असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. डायबेटिस असलेल्या प्राण्यात मात्र तोंडातला जुना संसर्ग साखर आटोक्यात आणणं अवघड करतो, हे डॉक्टर उपचार करताना लक्षात घेतातच.

खरं सांगायचं तर हृदयापर्यंत जायची गरजही नाही. लहान जातीच्या कुत्र्यांमध्ये आजाराने खालच्या जबड्याचं हाड इतकं पातळ होऊ शकतं की सोफ्यावरून उडी मारली तरी जबडा मोडतो. आणि रोज, प्रत्येक घासाला दुखत राहणं, ते कुणाला सांगता न येणं, हे कारण पुरेसं नाही का?

कुणाला धोका जास्त?

पग, शिह त्झू, ल्हासा अप्सो, पॉमेरेनियन, यॉर्कशायर टेरियर, डाशहुंड यांसारखे छोटे कुत्रे यादीत वर आहेत. कारण साधं आहे. जबडा छोटा, पण दात तेवढेच ४२. लोकलच्या डब्यातल्या चौथ्या सीटसारखी अवस्था. दात एकमेकांवर चढतात, तिरके येतात आणि मधल्या फटींत अन्न अडकतं. चपट्या तोंडाच्या पर्शियन मांजरांचंही तसंच.

छोट्या जातींमध्ये अजून एक प्रकार दिसतो. पक्का सुळा येतो, पण दुधाचा पडतच नाही. एकाच जागी दोन सुळे शेजारी शेजारी उभे दिसतात. पिल्लू सहा-सात महिन्यांचं झाल्यावरही हे दिसलं तर 'पडेल आपोआप' म्हणत थांबू नका. बऱ्याचदा नसबंदीच्या ऑपरेशनच्या वेळी, त्याच भुलीत, हा दात काढून घेता येतो.

आपल्या देशी कुत्र्यांचं तोंड लांब असल्याने दातांना जागा मिळते, ही जमेची बाजू. पण रस्त्यावरून घरी आणलेल्या कुत्र्यांमध्ये दगड-हाडं चावून तुटलेले दात दिसू शकतात. त्यामुळे दत्तक घेतलेल्या कुत्र्याची पहिली तपासणी करताना तोंडही बघून घ्यायला सांगा.

मांजरांची गोष्ट वेगळी

मांजरांमध्ये एक विचित्र आजार बराच आढळतो. शरीराच्या स्वतःच्याच पेशी दात विरघळवायला लागतात. बहुतेक वेळा हिरडीच्या कडेजवळ दाताला खड्डा पडलेला दिसतो आणि त्यावर लालसर हिरडी चढलेली असते. तिथे स्पर्श झाला की मांजराचा जबडा थरथरतो, इतकं ते दुखतं. हे नेमकं कशामुळे होतं याचं पक्कं उत्तर विज्ञानाकडे अजून नाही. फिलिंग करून उपयोग होत नाही, असा दात काढावाच लागतो.

दुसरा आजार म्हणजे हिरड्या, गाल आणि घशाजवळचा भाग लालबुंद होऊन सोलवटल्यासारखा दिसणं. यात प्रतिकारशक्ती प्लाकविरुद्ध अतिरेकी प्रतिक्रिया देते असं मानलं जातं. अशा मांजराला पाणी पितानाही त्रास होतो. यावर अनेकदा सगळे किंवा बहुतेक दात काढण्याचा सल्ला दिला जातो. ऐकून धक्का बसतो, पण बऱ्याच मांजरांना त्यानंतर मोठा आराम पडतो. आणि हो, बिनदातांचं मांजर ओलं खाणं मजेत खातं. काही तर कोरडेही दाणे गिळतात.

घरोघरी ऐकू येणारे चार समज

*'हाडं चावली की दात आपोआप साफ होतात.'* हाडाने थोडं कीटण निघतंही, पण दात तुटायचा धोका मोठा. ती मागची कात्रीसारखी दाढ हाड चावताना कपचा उडून फुटते आणि आतली नस उघडी पडते. शिजवलेलं हाड तर टोकदार तुकड्यांत फुटतं आणि घसा-आतडी फाडू शकतं. 'जंगलात कोण ब्रश करतं?' असंही विचारलं जातं. आफ्रिकेतल्या जंगली कुत्र्यांच्या कवट्या संशोधकांनी तपासल्या, तेव्हा त्यांतही झिजलेले, तुटलेले दात आणि हिरड्यांच्या आजाराच्या खुणा सापडल्या. जंगलातही दुखतं, फक्त बघायला कुणी नसतं. चघळायला देताना एक सोपी कसोटी लावा: अंगठ्याचं नख दाबल्यावर खूण उमटत नसेल तर ती वस्तू दातांसाठी जास्त कडक आहे.

*'कोरडे दाणे देतो, मग दात साफच राहणार.'* साधे कोरडे दाणे दाताच्या टोकाला लागताच फुटतात. हिरडीजवळ घासलंच जात नाही. आपणही बिस्किट खाऊन दात घासले असं म्हणत नाही. दातांसाठी खास बनवलेलं खाद्य वेगळं असतं. त्याचे दाणे मोठे असतात आणि दात आत रुतला तरी पटकन फुटत नाहीत.

*'दुखत असेल तर लवंगाचं तेल लावू, नाहीतर अर्धी गोळी देऊ.'* हे अजिबात करू नका. लवंगाच्या तेलातले घटक मांजरांना पचवता येत नाहीत. पॅरासिटामॉल मांजरासाठी जीवघेणं आहे, अगदी थोडं दिलं तरी. आयब्युप्रोफेनने कुत्र्यांच्या पोटात अल्सर आणि किडनीचं नुकसान होऊ शकतं. घरातल्या डब्यातली कुठलीही वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

*'आपलीच टूथपेस्ट थोडीशी लावली तर काय होतं?'* आपण पेस्ट थुंकतो, प्राणी गिळतात. त्यात फ्लोराईड आणि फेस आणणारे घटक असतात. काही पेस्टमध्ये झायलिटॉल नावाचा गोडवा आणणारा पदार्थ असतो. तो कुत्र्यांसाठी विष आहे. त्याने रक्तातली साखर झपाट्याने खाली येते आणि यकृतालाही इजा होते. दंतमंजन, मीठ, खायचा सोडा हेही नको.

मग घरी करायचं काय?

ब्रश. दुसरं काहीही त्याच्या जवळपास येत नाही. प्लाकचं कीटण व्हायला दोन-तीन दिवस लागतात, म्हणून रोज केलं तर उत्तम आणि निदान एक दिवसाआड तरी करायला हवं. महिन्यातून एकदा पार्लरमध्ये ब्रश करून घेण्याचा फारसा उपयोग नाही, हे याच हिशोबावरून कळतं.

साहित्य म्हणजे लहान बाळांचा मऊ ब्रश किंवा बोटात घालायचा ब्रश आणि प्राण्यांसाठीची टूथपेस्ट. ती चिकन वगैरे चवीची मिळते आणि गिळली तरी चालते. पेस्ट नसेल तर नुसत्या ओल्या ब्रशनेही काम होतं, कारण खरं काम घासण्याचं आहे.

पहिल्याच दिवशी ब्रश तोंडात कोंबू नका. असं करून बघा:

१. पहिले काही दिवस फक्त ओठ उचला, दोन सेकंद बघा, सोडा आणि लगेच खाऊ द्या.
२. मग बोटावर थोडी पेस्ट घेऊन चाटू द्या.
३. नंतर बोटाला मऊ सुती कापड गुंडाळून दातांच्या बाहेरच्या बाजूवर हळूच फिरवा.
४. याला तो सरावला की ब्रश आणा. दात आणि हिरडी जिथे मिळतात तिथे ब्रश तिरका, साधारण ४५ अंशांत धरा आणि छोटे गोल फिरवा.
५. तोंड उघडायची गरज नाही. गाल बाजूला करून बाहेरची बाजू, विशेषतः मागच्या दाढा घासल्या तरी मोठं काम झालं. आतली बाजू जीभ बऱ्यापैकी साफ ठेवते.

एकूण वेळ मिनिट-दोन मिनिटं. प्राणी चिडला तर तिथेच थांबा, उद्या पुन्हा. दुखऱ्या हिरड्यांवर मात्र ब्रश सुरू करू नका. आधीच वास, रक्त, सूज असेल तर पहिली फेरी दवाखान्यात. नाहीतर ब्रश म्हणजे वेदना असं त्याच्या डोक्यात बसेल आणि मग तो कायमचा हात लावू देणार नाही.

बाजारात डेंटल स्टिक, पाण्यात घालायची औषधं, जेल असं बरंच मिळतं. काहींचा थोडाफार उपयोग होतो. निवडताना पाकिटावर 'व्हीओएचसी'चं चिन्ह आहे का बघा. ही अमेरिकेतली पशु मौखिक आरोग्य परिषद १९९७ पासून अशा उत्पादनांच्या चाचण्यांचे निकाल तपासून हे चिन्ह देते. स्टिकमध्येही कॅलरी असतात, तेवढं जेवण कमी करा.

भूल देऊन साफसफाई: भीती किती खरी?

एकदा कीटण कडक झालं की डॉक्टरांकडून स्केलिंग करून घ्यावं लागतं. त्यासाठी पूर्ण भूल द्यावी लागते आणि इथेच बहुतेक जण थांबतात. आम्हीही थांबलो होतो. बंड्या सहा वर्षांचा असताना डॉक्टरांनी स्केलिंग सुचवलं होतं. भुलीला घाबरून आम्ही ते टाळलं आणि एका पार्लरमध्ये 'बिना भूल दात सफाई' करून आणली. दात पांढरे दिसले, आम्ही खूश. हिरडीच्या खाली मात्र सगळं तसंच राहिलं आणि तीन वर्षं वाढत गेलं.

बिनभुलीच्या सफाईत वरवरचं कीटण खरवडलं जातं. पण आजार असतो हिरडीखाली आणि जागा असलेला प्राणी तिथे अवजार घालू देत नाही. धारदार हत्यार, हलणारं डोकं, म्हणजे इजेची भीती. खरवडल्यावर पॉलिश नीट झालं नाही तर दातावर बारीक चरे राहतात आणि नवीन प्लाक आणखी लवकर बसतं. म्हणूनच लहान प्राण्यांच्या डॉक्टरांची जागतिक संघटना, म्हणजे 'डब्ल्यूएसएव्हीए', भुलीशिवाय केलेल्या दंतसफाईच्या स्पष्ट विरोधात आहे.

भुलीत धोका शून्य नसतो. पण आधी तपासणी करून आणि काम चालू असताना लक्ष ठेवून तो बराच कमी करता येतो. म्हणून घाबरून नाही म्हणण्यापेक्षा डॉक्टरांना हे प्रश्न विचारा:

- भुलीच्या आधी रक्ततपासणी आणि हृदयाची तपासणी होणार का?
- श्वासनलिकेत नळी घालणार का? (तोंडातलं पाणी आणि घाण फुप्फुसात जाऊ नये म्हणून ती लागते.)
- भुलीत असताना ऑक्सिजन, ठोके, शरीराचं तापमान यांवर लक्ष ठेवायला वेगळी व्यक्ती असेल का?
- हिरडीखालची सफाई आणि शेवटी पॉलिश होणार का?
- दातांचा एक्स-रे काढायची सोय आहे का?
- दात काढावे लागले तर वेदनाशामक काय देणार?

प्रत्येक दवाखान्यात दातांच्या एक्स-रेची सोय नसते, त्यामुळे आधी फोन करून विचारलेलं बरं. मुंबईत परळला १८८६ साली सुरू झालेलं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ इथेही शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथल्या दवाखान्यांत पाळीव प्राणी तपासले जातात. खासगी खर्च झेपत नसेल तर हा पर्याय लक्षात ठेवा.

अमेरिकेतल्या प्राणी रुग्णालयांच्या संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की मांजरं आणि लहान कुत्र्यांची भुलीखालची पहिली तपासणी आणि सफाई एक वर्षाच्या सुमारास, तर मोठ्या कुत्र्यांची दोन वर्षांच्या सुमारास व्हावी. आपल्याकडे तेवढं प्रत्येकाला जमेलच असं नाही. पण वर्षातून एकदा लसीला नेता ना? तेव्हा 'डॉक्टर, दात पण बघा' एवढं म्हणायला वेगळे पैसे लागत नाहीत.

घरी ससा असेल तर

सशाच्या दातांचं गणित पूर्ण उलट. त्याचे २८ च्या २८ दात आयुष्यभर वाढतच राहतात. ते झिजायला सतत चघळायचं गवत लागतं. कार्टून बघून आपण त्याला गाजर देतो, पण गाजर गोड असतं आणि दात पुरेसे झिजवत नाही. सशाचं मुख्य खाणं वाळलेलं गवतच हवं. ते कमी पडलं की मागच्या दाढांना टोकं येतात, जीभ आणि गाल कापले जातात आणि ससा खाणं सोडतो. सशाने अर्धा दिवस काहीच खाल्लं नाही, लेंड्या कमी झाल्या, तर उद्याची वाट बघू नका. त्याची आतडी थांबू शकतात. वाढलेले दात घरी नेलकटरने कापणंही टाळा, त्याने दात उभा चिरतो. गिनीपिगचेही २० दात असेच वाढत राहतात.

बैलाचे दात बघतो, मग याचे का नाही?

माझे आजोबा बैलबाजारात जायचे. बैल आवडला की पहिलं काम म्हणजे त्याचा खालचा ओठ खाली करून दात बघायचे. आदत आहे, दुसा आहे, चौसा आहे की जुळलेला, हे दातांवरून ठरायचं आणि त्यावर किंमत. बैलाचं तोंड उघडून बघणं ही आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. तिथे पैशांचा व्यवहार होता, म्हणून ती टिकली. फ्लॅटमध्ये आलेल्या कुत्र्या-मांजरांशी आपला व्यवहार मायेचा आहे आणि नेमकी इथेच ती सवय सुटली.

बंड्याचे ११ दात गेले. ऑपरेशननंतर आईला वाटत होतं, आता हा खाणार कसा. दोन आठवड्यांनी एका संध्याकाळी तो बॉल घेऊन आला आणि बाबांच्या पायावर टाकून भुंकायला लागला. घरात कुणीच काही बोललं नाही. तो म्हातारा झाला नव्हता, लाडावलाही नव्हता. त्याला इतके महिने दुखत होतं.

आता रोज रात्री जेवणं झाली की बाबा त्याचे उरलेले ३१ दात घासतात. तुम्ही आज फक्त एवढं करा. तुमचा प्राणी निवांत बसला असेल तेव्हा त्याच्या गालावरून हात फिरवा, वरचा ओठ हळूच उचला आणि मोबाईलच्या टॉर्चने मागची दाढ बघा. हिरडी गुलाबी आणि दात स्वच्छ असेल तर उद्यापासून ब्रशची सवय लावायला सुरुवात करा. तपकिरी थर किंवा लाल रेघ दिसली तर फोटो काढा आणि या आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.